ज्याचं टेबल हलतं, त्याचा कप पहिला

आमच्या घरात एकसारखे दोन कप कधी सापडायचे नाहीत. एकाचा कान वर चढलेला, एकाचा खाली उतरलेला, एकाच्या काठाची निळी रेघ मध्येच वाट चुकलेली. सगळा बाद माल. हे चिनीमातीच्या कारखान्यात कपांना कान चिकटवायचे, आणि जे कप बाजारात पाठवण्याच्या लायकीचे नसत, ते घरी न्यायची कामगारांना मुभा होती. आलंगेलं कोणी म्हणायचं, "कपांच्या कारखान्यात नोकरी, आणि घरात हे ध्यान?" त्यावर ह्यांचं उत्तर ठरलेलं असे. "सुताराच्या घरची खाट डुगडुगतेच."

ह्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. थोरल्याचा फोन आला.

"आई, रविवारी आम्ही दोघं येतोय. धाकटीलाही बोलावलंय. घराचं काय ते एकदा ठरवून टाकू."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. 'ठरवून टाकू' हे मात्र कानात राहिलं. टाकायचं काय असतं त्यात? केर टाकतात.

त्याचं म्हणणं मला माहीत होतं. पावसाळ्यात जिन्याच्या वळणावर माझा पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात चालायला लागला, पण थोरल्याच्या डोक्यातून तो जिना काही निघेना. मी ह्या दोन खोल्या सोडून त्याच्याकडे, दुसऱ्या गावी राहायला जावं, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. आणि आमच्या वसाहतीचा नियम असा, की खोल्या एकदा सोडल्या की सोडल्या. परत मागायची सोय नाही. यादीत नावं टाकून ठेवलेली कुटुंबं असतात, सामान बांधून.

मला जायचं नव्हतं. इथल्या खिडकीतून कारखान्याचं धुराडं दिसतं. आता त्यातून धूर निघत नाही, कबुतरं निघतात, पण दिसतं. खिडकीपाशी ह्यांची खुर्ची. दाराच्या चौकटीवर पोरांच्या उंचीच्या खुणा. हे सगळं खरं, पण एवढ्यासाठी म्हातारीने हट्ट धरावा का, हेही मला कळत नव्हतं. आणि थोरल्याचा स्वभाव असा, की तो भांडत नाही, गप्प होतो. एकदा गप्प झाला की महिनोन्महिने फोनवर हवापाण्याच्या गप्पा. खोल्या राखायच्या आणि मुलगा गमावायचा, किंवा मुलगा राखायचा आणि खोल्या सोडायच्या, असा तो पेच होता. रविवार उजाडेपर्यंत मी ह्यांच्या खुर्चीशी बरंच बोलले.

खुर्चीने उत्तर दिलं नाही. पण ह्यांनी काय केलं असतं, ते मला ठाऊक होतं. ह्यांनी आधी चहा ठेवला असता.

*

माझी आणि ह्यांची ओळख भांडणातून झाली. मी रंगखात्यात रेघ मारायला होते. फिरत्या चाकावर कप ठेवायचा, ब्रश टेकवायचा आणि एका दमात काठाभोवतीची रेघ पुरी करायची. जिथून निघालो तिथेच येऊन पोचायचं, जोड दिसता कामा नये. आम्हा बायकांची टेबलं मोठ्या खिडक्यांना लागून होती. एके दिवशी कामावर गेलो तर हमाल टेबलं उचलत होते. आमची रवानगी मागच्या शेडमध्ये, जिथे खिडकी म्हणून एक जाळी होती. चौकशी केली तर कळलं, कंपनीला ती जागा माल बांधायला हवी होती, आणि युनियनने होकार दिला होता. बदल्यात भट्टीखात्याला पंखे मिळणार होते.

आम्ही तिघीचौघी तशाच युनियनच्या खोलीवर गेलो. आत कमिटी चहा पीत बसली होती. हे तेव्हा नुकतेच चिटणीस झाले होते. अंगावर सुकलेली पांढरी माती, भुवयासुद्धा पांढऱ्या. मी म्हटलं, "आमची टेबलं हलणार हे आम्हाला हमालांकडून कळावं?"

हे म्हणाले, "ठराव सगळ्यांच्या भल्याचा आहे, बाई."

"भलं आमचं आणि ठरवणार तुम्ही. अंधारात कान चिकटवता येत असेल. रेघ मारता येत नाही. आम्हाला विचारलं होतं का?"

"विचारायला हवं होतं का?" हे त्यांनी खरंच विचारलं. टोमणा नव्हता.

"मुलीचं लग्न ठरवताना तरी मुलीला विचारता की नाही, तुमच्यात?"

कोपऱ्यात ह्यांचे जिवलग मित्र बसले होते; भट्टीवर होते म्हणून सगळे त्यांना भट्टीवालेच म्हणायचे. ते म्हणाले, "मग आत्ताच विचारून टाक की रे." सगळी खोली हसली. ह्यांच्या पांढऱ्या तोंडावर लाली आली, आणि ती मातीखालूनही दिसली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हे आमच्या शेडमध्ये आले. माझ्या टेबलाशी बसले, चाक फिरवलं आणि म्हणाले, "मला दाखवा." ब्रश कसा धरायचा ते मी दाखवलं. त्या उजेडात ह्यांनी काही कप वाया घालवले. शेवटच्या कपावरची रेघ निम्म्यापर्यंत बरी गेली, मग वाट चुकून खाली उतरली. तो कप हातात घेऊन हे तसेच सर्वसाधारण सभेत गेले आणि उभे राहून म्हणाले, "चूक कंपनीची नाही. आपली आहे. ज्यांची टेबलं हलली, त्यांना आपण विचारलंच नाही."

भट्टीखात्याच्या पंख्यांवर पाणी पडलं म्हणून निम्मी सभा चिडली होती. पण पहिले उठले ते भट्टीवालेच. ते म्हणाले, "पंखे आम्ही आमच्या घामावर मिळवू. बायकांच्या डोळ्यांवर नको." टेबलं परत खिडकीशी आली. पंख्यांसाठी पुढे वेगळं भांडावं लागलं, आणि ते भांडण हे शेवटपर्यंत भांडले.

त्या दिवसापासून युनियनमध्ये नवा नियम झाला. ज्याचं टेबल हलतं, त्याचा कप पहिला.

हे कपाचं काय, तेही सांगते. आमच्या युनियनमध्ये हात वर करून मत देत नसत. प्रत्येकाचा आपापला बाद कप खोलीत खिळ्याला टांगलेला असे. बैठक सुरू झाली की चहा. बोलणं होईपर्यंत चहा प्यायचा, आणि मत द्यायची वेळ आली की ज्याची हरकत नाही त्याने कप सुलटा ठेवायचा, ज्याची हरकत आहे त्याने पालथा. चहा संपवल्याशिवाय कप पालथा घालता येत नाही, उघडच आहे. ही पद्धत ह्यांच्या आधीची, पण तिचं मर्म ह्यांनी मला सांगितलं. "चहा संपेपर्यंत राग निम्मा होतो. भरल्या कपाने कुणी 'नाही' म्हणू नये."

रेघ चुकलेला तो कप पुढे माझा झाला. ह्यांनी तो माझ्यापुढे ठेवून विचारलं होतं, "माझं टेबल हलवायच्या विचारात आहे. तुमचंही हलेल. तुमचं काय म्हणणं?" मी चहा सावकाश प्यायले. इतका सावकाश, की भट्टीवाले दाराबाहेरून म्हणाले, "वहिनी, आटपा, भट्टी विझतेय." लग्न व्हायच्या आधीच वहिनी. मी कप सुलटा ठेवला.

*

नियम करणं सोपं. घरात पाळणं अवघड. मोठा संप झाला त्या वर्षी थोरला शाळेत जायला लागला होता आणि धाकटी पाळण्यात होती. कारखान्याच्या फाटकावर माणसं दिवसभर बसायची. एका दुपारी शेजारीण येऊन म्हणाली, "उद्यापासून फाटकावरच्या सगळ्यांचं जेवण तुमच्याकडे ना?" मी म्हटलं, कुणी सांगितलं? तर म्हणे, चिटणीसांनी सभेत जाहीर केलं, टाळ्या पडल्या.

हे घरी आले. मी चहा दिला. ह्यांनी दोन घोट घेतले आणि माझ्याकडे बघितलं. मी माझा कप संपवून टेबलावर पालथा घातलेला होता.

"काय झालं?"

"माझं टेबल हललं. हमालांकडून कळलं."

ह्यांनी आपला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "उद्या सभेत सांगतो की चूक झाली."

"सांगा. आणि नुसती चूक सांगू नका. मागण्या आहेत माझ्या."

मग टेबलाच्या एका बाजूला हे आणि एका बाजूला मी, अशी रीतसर बोलणी झाली. भाजी चिरायला फाटकावरचे पुरुष येतील. भांडी ज्याने त्याने घासायची. पाळण्याची दोरी, मी चुलीशी असेपर्यंत, चिटणीसांच्या हातात. शेवटची मागणी ऐकून हे म्हणाले, "आणि मग संप कोण चालवणार?"

"पाळणा हलवत चालवा. तोंड मोकळंच असतं की तुमचं."

आणि खरंच तसं झालं. कंपनीची माणसं बोलणी करायला घरी आली, तेव्हा हे एका हाताने दोरी ओढत बोलत होते. धाकटी झोपेपर्यंत आवाज चढवायचा नाही, अशी अटच होती. भट्टीवाले नंतर म्हणायचे, संप जिंकला तो ह्या पोरीने, कंपनीला ओरडताच आलं नाही.

ह्यांच्याबद्दल लोक बोलतात ते संपाचं, पंख्यांचं, मास्कचं बोलतात. मला सगळ्यात आधी आठवतात ते सकाळचे हे. पहिल्या पाळीला निघायच्या आधी धाकटीच्या वेण्या घालणारे. कान चिकटवणारी बोटं, वेणी इतकी घट्ट आणि सरळ यायची की शाळेतल्या बाई विचारायच्या, आई घालते का गं? सुट्टीच्या दिवशी सगळ्यांचे बूट लहानमोठे असे ओळीने लावून पॉलिश करायचे. मास्तरांनी एकदा न विचारता वर्गातली बाकं हलवली म्हणून थोरल्याने वर्गासकट बाहेर जाऊन बसण्याचा पराक्रम केला. हेडमास्तरांनी ह्यांना बोलावून घेतलं. घरी येताना हे ओठ चावत होते, हसू दाबायला. पण पोराला म्हणाले, "बाकं का हलवली ते मास्तरांना विचारलंस का?"

"नाही."

"मग तुझा कप भरलेलाच होता की रे."

थोरला रडला. ह्यांनी त्याचे बूट पुसून दिले आणि दोघं मिळून मास्तरांकडे गेले. छत गळत होतं म्हणून बाकं हलवली होती. मग छतासाठी अर्ज दोघांनीच केला.

ह्यांना कान चिकटवण्यातलं एकच तत्त्व सगळीकडे लागू वाटायचं. कप आणि कान सारखेच ओले पाहिजेत. कप सुकला आणि कान ओला असेल, तर वरून चिकटलेला दिसतो, पण भट्टीत गेला की सुटतो. "माणसाशी बोलताना तो किती ओला आहे ते आधी बघावं," असं म्हणायचे. मी म्हणायचे, "आणि तुम्ही बोलायला लागलात की तो सुकेपर्यंत थांबत नाही." त्यावर हसायचे. हसताना खोकायचे. मातीची धूळ. पंखे आले, मास्क आले, पण ह्यांच्या छातीसाठी ते उशिरा आले.

शेवटच्या वेळी डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात नेता येईल. थोरला गाडी बोलवायला निघाला होता. ह्यांनी खुणेनेच चहा मागितला. सगळे खिडकीपाशी बसलो. ह्यांनी दोन घोट घेतले, उरलेला चहा मला प्यायला लावला आणि कप पालथा घातला. टेबल त्यांचं हलत होतं. मग मी घातला, मग धाकटीने. सगळ्यात शेवटी थोरल्याने.

चार दिवसांनी, दुपारी, खुर्चीतच, हे गेले. धुराड्यावरची कबुतरं मोजता मोजता डोळा लागला असंच मला आधी वाटलं.

*

रविवारी सगळे आले. थोरला, सून आणि धाकटी. खालच्या मजल्यावरून भट्टीवालेही काठी टेकत वर आले. आता त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांना सगळ्या बैठका शांततेत पार पडल्यासारख्या वाटतात.

"मी फक्त बघायला आलोय," ते म्हणाले.

"कान नाही म्हणून डोळे?" धाकटी म्हणाली.

"काय?"

"चहा घ्या म्हटलं, काका."

मी कप काढले. थोरल्याला त्याचा वर चढलेल्या कानाचा, धाकटीला तिचा पिचक्या काठाचा, सुनेला मी लग्नात दिलेला, एका बाजूला कललेला. मला माझा. थोरल्याने कप हातात घेतला, पण प्यायला नाही. कामाच्या माणसासारखं सगळं मांडलं. जिना अंधारा आहे. आई एकटी असते. मनगट झालं, उद्या खुबा होईल. आमच्याकडे एक खोली मोकळी करता येईल. लिफ्ट आहे. दवाखाना समोर आहे. बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, कपाच्या कानावरून अंगठा फिरवत होता.

"मला तरी पटतंय," धाकटी हळूच म्हणाली. "म्हणजे, आईला पटत असेल तर."

"बोल आई," थोरला म्हणाला. "टेबल तुझं आहे. तुझा कप पहिला."

म्हणजे नियम तो विसरला नव्हता. मला एकदम भरून आलं, आणि मी माझा कप संपवायला घेतला. पालथा घालायचाच, असं ठरवून. तेवढ्यात माझं लक्ष सुनेकडे गेलं. तिचा चहा कधीच संपला होता. रिकामा कप दोन्ही हातांत घट्ट धरून ती त्याच्या तळाशी बघत बसली होती. 'खोली मोकळी करता येईल' असं थोरला म्हणाला होता. त्या घरात माझ्या माहितीप्रमाणे एकच जादा खोली होती, आणि त्यात हिचं शिलाईचं मशीन होतं, कापायचं लांब टेबल होतं, गिऱ्हाइकांचे कपडे टांगलेले असायचे.

मी कप खाली ठेवला. सुलटा नाही, पालथा नाही, थोडा चहा राहिलेला.

"पहिली पाळी माझी नाही," मी म्हटलं. "हिची आहे."

"माझी?" सून दचकली.

"तुझं टेबल हलतंय ना? खरोखरचं टेबल. कुणी विचारलं तुला?"

ती थोरल्याकडे बघू लागली. थोरला म्हणाला, "अगं, आपलं बोलणं झालं होतं की. तू हो म्हणालीस."

"मी 'बघू' म्हणाले होते," सून म्हणाली.

"बघू म्हणजे हो."

"कुणाच्या घरी?" धाकटीने विचारलं. भट्टीवाल्यांना ऐकू आलं नव्हतं, पण ते हसले. माणसांची तोंडं बघून त्यांना पुष्कळसं कळतं.

सुनेने एक श्वास घेतला. "आई, तुम्ही आलात तर मला आवडेलच. मनापासून सांगते. पण ते टेबल आमच्या बैठकीच्या खोलीत मावत नाही. मशीन स्वयंपाकघरात नेलं तर कपड्यांना फोडणीचा वास लागतो. मला वाटलं, हे बोलले तर लोक म्हणतील, सासू नको म्हणून निमित्त काढते. म्हणून मी गप्प बसले." आणि तिने कप पालथा घातला. अगदी हळू, आवाज न करता.

मग मी उरलेला घोट घेतला आणि माझाही घातला.

थोरल्याने दोन्ही कप पाहिले. त्याचा चेहरा मिटायला लागला, मला ओळखीचा होता तसा. मी मनात म्हटलं, गेला. आता हवापाणी.

पण तो गप्प झाला नाही. म्हणाला, "मागच्या वेळी मी सगळ्यांच्या मागून कप पालथा घातला होता. माझ्या मनात नव्हतं. घातला, आणि बाबा गेले. पुन्हा तसं करायचं नाही, असं ठरवलंय मी."

वर्षभर तो हे उरात घेऊन फिरत होता, आणि मी समजत होते, त्याला जिन्याची भीती वाटते.

"डॉक्टर खाली उतरताना तुझ्याशी बोलले होते ना?" मी विचारलं.

"बोलले असतील. मी त्यांच्या बॅगेकडे बघत होतो. गाडी सांगू की नको, एवढंच डोक्यात होतं."

"मग आत्ता ऐक. ते म्हणाले, दवाखान्यात नेलं असतं तरी आठवडा तोच होता. फक्त खिडकी नसती. नळ्या असत्या. मला वाटत होतं, हे तुला माहीत आहे."

त्याने मान वर केली. "नक्की असं म्हणाले?"

"मी शेजारी उभी होते," धाकटी म्हणाली. "दादा, तू मान हलवत होतास. मला वाटलं, ऐकतोयस."

"नव्हतो ऐकत."

"बाबांनी त्या चार दिवसांत तुझ्या शर्टाचं बटण लावलं होतं," ती म्हणाली. "आठवतंय? उलटं लावलं होतं."

"अजून तसंच आहे ते," थोरला म्हणाला. मग त्याने चष्मा काढला आणि खिशात रुमाल शोधायला लागला. सुनेने न बोलता आपला दिला.

मी त्याला वेळ दिला. कान आणि कप सारखे ओले व्हावे लागतात.

"आता," मी म्हटलं, "नुसतं नाही म्हणून उठायचं नाही, हे तुझ्या बाबांनी शिकवलंय. माझ्या मागण्या आहेत. आणि देणंही आहे."

थोरला नाक पुसत म्हणाला, "सांगा, चिटणीसबाई."

"जिन्याला दोन्ही बाजूंना कठडा. वळणावर दिवा. तो तू बसवायचास, माणूस बोलवायचा नाही. माणूस येतो म्हणतो आणि येत नाही."

"बरं."

"सामानाची पिशवी मी वर आणणार नाही. दुकानवाल्याचा गडी आणून देईल. हे माझं देणं. मला ती पिशवी घेऊन चढायला आवडतं, तरी सोडते."

"आणि एकटी असताना काही झालं तर?"

"भावजी खाली आहेत."

"आई, काकांच्या दारावर हत्ती नाचला तरी त्यांना ऐकू येत नाही."

भट्टीवाल्यांनी 'काका' एवढंच ओठांवरून ओळखलं. "काय म्हणतोय?"

मी पाण्याच्या नळाकडे बोट दाखवलं. माझ्या मोरीतून तोच नळ खाली त्यांच्या मोरीत उतरतो. त्यांना लगेच समजलं.

"हां, ते," ते थोरल्याला म्हणाले. "सकाळी उठल्यावर तुझी आई नळावर चमचा वाजवते. मला ऐकू येत नाही. पण हात ठेवला की कळतं. भट्टीचं दार मी असंच बघायचो, हात ठेवून. आत काय चाललंय ते कानापेक्षा हाताला आधी कळतं. नळ नाही वाजला, तर मी वर येतो. तुझी आई पडली तेव्हा कोण आलं होतं?"

"तुम्ही?" थोरल्याने विचारलं. त्याला वाटत होतं, शेजारणीने बघितलं.

"मग? सकाळी नळ न वाजवताच, कप पिशवीत घालून, माझ्याकडे चहाला निघाली होती. विव्हळत म्हणते कशी, भावजी, आधी कपांची पिशवी उचला."

"फुटला होता का एखादा?" सूनबाईने काळजीने विचारलं.

"एकही नाही," मी म्हटलं. "मनगटावर निभावलं."

धाकटीला हसू आवरेना. थोरलाही हसला, पण अजून त्याचा कप तसाच भरलेला होता, वर साय धरलेली.

"एक गोष्ट माझी," तो म्हणाला. "पावसाळ्याचे दिवस तू आमच्याकडे. जिना ओला असतो तेवढे."

मी सुनेकडे वळले. ती म्हणाली, "पावसाळ्यात कामं कमी असतात, आई. टेबल दुमडून ठेवता येईल. तेवढे दिवस या. आणि काजं करायला मला कुणीतरी हवंच असतं."

"हाताला रेघ सरळ यायची सवय आहे माझ्या," मी म्हटलं. "काजं जमतील."

"मग ठरलं?" धाकटी म्हणाली आणि आपला कप संपवून पालथा घातला. आईने इथून कायमचं जाण्याच्या ठरावाला नाही. भट्टीवाल्यांनी सगळ्यांचं बघून आपलाही घातला, मग विचारलं, "कशावर मत दिलं मी?"

राहिला थोरला. ठराव त्याचा होता. आम्ही कुणी त्याच्याकडे बघत नव्हतो, म्हणजे सगळेच बघत होतो. त्याने सायीकडे पाहिलं, नाक मुरडलं, आणि तो गारढोण चहा औषधासारखा एका दमात प्याला. मग कप पालथा घातला आणि त्यावर हात ठेवून बसला. जड काही तरी खाली ठेवल्यावर माणूस बसतो तसा. त्याचे खांदे खाली आले. मला वाटतं, वर्षभरात पहिल्यांदाच.

"ह्या वेळी मनापासून?" मी विचारलं.

"ह्या वेळी मनापासून. पण चहा घाणेरडा होता."

"गरम होता तेव्हा चांगला होता," सून म्हणाली.

ते संध्याकाळच्या आत निघाले. जिन्यात थोरला टेप घेऊन कठड्याचं माप घेत होता आणि धाकटी त्याला वरून चुका सांगत होती. सुनेने उतरताना माझा हात धरला. मी पडू नये म्हणून की तिला धरावासा वाटला म्हणून, कोण जाणे. मी काही विचारलं नाही. प्रत्येक गोष्टीवर ठराव कशाला?

वर आले आणि कप धुतले. चढलेल्या कानाचा, पिचक्या काठाचा, कललेला, भट्टीवाल्यांचा टवका उडालेला, आणि माझा, वाट चुकलेल्या रेघेचा. ओट्यावर फडकं अंथरून पाचही ओळीने पालथे ठेवले. निथळायला तसेच ठेवावे लागतात. मग ह्यांच्या खुर्चीत बसले, पाय पसरले, आणि कबुतरं धुराड्यावर परत येईपर्यंत काही न करता बसून राहिले.